खानेसुमारी आणि कुलमूळ : वडखळच्या खारेपाटांतील एका टिपणाचें परीक्षण

गेल्या पावसाळ्यांत वडखळकडील एका सुशिक्षित गृहस्थांनीं आपल्या घराण्याच्या पूर्वपीठिकेचें एक टंकलिखित टिपण आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविलें. गृहस्थ आमचे जुने विद्यार्थी. टिपण चाळीसएक पानांचें, मांडणी नीटनेटकी, भाषा शुद्ध. निष्कर्ष एका वाक्याचा आहे : वडखळच्या आसपासच्या खाऱ्या जमिनीवर पहिला बांध घालणारें आणि वस्ती करविणारें आद्य घराणें तें हेंच. हा निष्कर्ष देवळांत संगमरवरी पाटीवर कोरावयाचा असून तत्पूर्वीं आमची संमति मिळावी, अशी त्यांची इच्छा आहे.

खाजगी टिपणाचें परीक्षण त्रैमासिकांत कां, असें वाचक विचारतील. गृहस्थांचें व घराण्याचें नांव आम्हीं गाळलें आहे. कारण येथें व्यक्तीचा दोष काढावयाचा नसून पद्धतीचा दोष दाखवावयाचा आहे. टिपणांतील चुका आज अनेक कुलवृत्तांतांत आढळतात, आणि त्या एकदां संग्राहकांच्या रुमालांत जाऊन बसल्या कीं पुढील पिढीस साधन म्हणून मिळतात. दुसरेंहि एक कारण आहे. तें योग्य स्थळीं सांगूं.

टिपणाचे आधार चार : (१) १८७२ सालची सरकारी खानेसुमारी, (२) जिल्ह्याच्या वस्तीचे छापील आंकडे, (३) घरांतील एक मोडी कौल, आणि (४) "परिसराचा इतिहास जाणणाऱ्या एका जुन्या शिक्षकांचें मत". ह्यांचा क्रमानें विचार करूं.

१. खानेसुमारी : शब्द एक, वस्तु दोन

'खाना' म्हणजे घर व 'शुमार' म्हणजे मोजणी. हा फारसी शब्द मराठी दफ्तरांत इंग्रजी अमलाच्या फार पूर्वीं रुळला होता. पेशवाईंतील खानेसुमारी ही घरांची याद असे : अमक्या पेठेंत किंवा गांवीं अमक्याचें घर, जात अमुक, धंदा अमुक. हेतु बहुधा पट्टी बसविण्याचा, म्हणून घरधन्याचें नांव तींत येई. पुढें इंग्रज सरकारनें माणसें मोजण्यास आरंभ केला तेव्हां लोकांनीं त्या नव्या प्रकारासहि जुनेंच नांव दिलें. येथेंच टिपणकारांचा पहिला घोटाळा झाला आहे. पहिल्या प्रकारच्या यादींतून जें मिळतें तें त्यांनीं दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथांतून मिळालें असें मानलें.

मुंबई इलाख्यांतील पहिली सार्वत्रिक शिरगणति २१ फेब्रुवारी १८७२ रोजीं झाली. पुढें १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१ अशा क्रमानें दर दहा वर्षांनीं ती होत गेली. मोजणीच्या कामास गांवकामगार आणि आमच्याच धंद्यांतील शाळामास्तर लावीत. घरोघर जे तक्ते भरले त्यांत नांवें होतीं, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या तक्त्यांचें आयुष्य बेरीज होईपर्यंतचें. १९०१ पासून माणशीं एक चिठ्ठी लिहून, चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाडून मोजण्याची रीत आली. कोष्टकें सिद्ध झालीं कीं तक्ते व चिठ्ठ्या दोन्ही रद्दींत जात. उरले ते छापील ग्रंथ : १८८१ चा बेन्सकृत, १८९१ चा ड्रूकृत, १९०१ चा एन्थोव्हेनकृत, इत्यादि. ह्या ग्रंथांत धर्म, जात, वय, साक्षरता, धंदा ह्यांचीं कोष्टकें आहेत. एकाहि रयतेचें नांव नाहीं. स्वतंत्र भारतांत तर १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या १५ व्या कलमानें व्यक्तींच्या नोंदी पाहण्यास कोणासहि खुल्या नाहींत, आणि त्या अधिनियमाखालील खटल्यांखेरीज न्यायालयांत पुरावा म्हणून त्या चालतहि नाहींत.

तेव्हां "१८७२ च्या खानेसुमारींत आमच्या खापरपणजोबांचें नांव प्रथम आहे" हें टिपणांतील विधान लिहिणाऱ्यानें स्वतः पाहून लिहिलेलें असूं शकत नाहीं. आम्हीं विचारलें असतां गृहस्थांनीं प्रांजळपणें सांगितलें कीं, चुलत्यांनीं लहानपणीं चावडींत एक जुनें बाड पाहिलें होतें, त्यांच्या सांगण्यावरून हें वाक्य आलें. चुलत्यांनीं खोटें सांगितलें असें आम्ही म्हणत नाहीं. तें बाड जन्ममृत्यूच्या नोंदीचें असेल, पैमाषीचें असेल, पट्टीवसुलाचें असेल. परंतु बाडाचें नांव बदललें कीं त्याचा काळ बदलतो, आणि त्यांतील पहिल्या नांवाचा अर्थहि बदलतो. वसुलाच्या यादींतील पहिलें नांव पहिल्या वसाहतकाराचें असतेंच असें नाहीं. तें यादी जेथून सुरू झाली त्या घराचें, पहिल्या सर्व्हे नंबराचें, किंवा नुसतें मोठ्या खातेदाराचें असूं शकतें.

२. मौन हें केव्हां प्रमाण होतें ?

टिपणकार पुढें म्हणतात कीं, १८७२ पूर्वीं ह्या टापूंत दुसऱ्या कोणत्याहि घराण्याचा उल्लेख मिळत नाहीं, सबब दुसरें घराणें नव्हतें. ह्या युक्तिवादाचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं केला आहे. मीमांसक अनुपलब्धि हें एक प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं, हें ज्ञान खरें आहे, पण केव्हां? घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिति असेल तेव्हां. उजेड असला पाहिजे, डोळे शाबूत असले पाहिजेत, मध्यें आडपडदा नसला पाहिजे. हिला ते योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं असें म्हणणारा मनुष्य अनुमान करीत नाहीं, तो केवळ आपला अंधार कळवितो.

वडखळच्या खारेपाटाविषयीं १८७२ पूर्वींचे किती कागद आपण पाहिले ? पुण्याच्या पेशवे दफ्तरांत प्रांतवार रुमाल आहेत, आंग्रे दफ्तर स्वतंत्र आहे. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान ४५ खंडांत छापलेले निवडक कागद म्हणजे त्या डोंगराची एक ओंजळ. धरमतरच्या खाडीच्या पश्चिमेस ठोकळमानानें आंग्र्यांची दौलत, पूर्वेस पेशव्यांकडील सांक्षीचा मुलूख. म्हणजे एकाच खाडीच्या दोन तीरांचे कागद दोन दफ्तरांत गेले. टिपणकारांनीं ह्यांपैकीं एकहि रुमाल उघडलेला नाहीं. मग उल्लेख मिळत नाहीं असें म्हणण्याऐवजीं "आम्हीं शोधला नाहीं" असें म्हणणें अधिक सरळ झालें असतें.

३. आंकड्यांचा अर्थ

दुसरा आधार छापील आंकड्यांचा. कुलाबा जिल्ह्याची १८८१ ची आणि १९०१ ची लोकसंख्या शेजारीं मांडून टिपणकार दाखवितात कीं, वीस वर्षांत वस्ती फार वाढली; ही वाढ म्हणजे खारेपाटांत आलेला वसाहतकारांचा लोंढा, आणि त्याचे अग्रेसर आपले पूर्वज.

आंकडे बरोबर आहेत, अर्थ चुकला आहे. कुलाबा हा १८६९ सालीं ठाण्यापासून निराळा झालेला जिल्हा. त्यास १८८३ सालीं पनवेल व १८९१ सालीं कर्जत हे तालुके जोडले गेले. नकाशावरील रेघ सरकली. माणसें बहुतेक जागच्या जागीं राहिलीं. दोन शिरगणत्यांचे आंकडे ताडून पाहण्यापूर्वीं दोन्ही वेळचा प्रदेश एकच होता कीं काय हें पाहणें ही पहिली पायरी, आणि तीच येथें चुकली आहे.

तालुक्यांच्या नांवांचीहि अशीच गत. आजचा पेण तालुका जुन्या कागदांत सांक्षी ह्या नांवानें येतो. सांक्षी, राजपुरी व रायगड हे तालुके १८३० सालीं दक्षिण कोंकणांतून काढून उत्तर कोंकणांत घातले गेले. तेथील 'रायगड' हा महाडकडील तालुका. आजचा रायगड जिल्हा म्हणजे १९८१ सालीं नांव बदललेला कुलाबा. जुन्या यादींत 'रायगड' दिसला कीं वडखळ त्यांत शोधूं लागणें, किंवा 'पेण' दिसत नाहीं म्हणून गांवच नव्हता असें समजणें, ह्या दोन्ही चुका आम्हीं पाहिल्या आहेत. इंग्रजी अनुक्रमणिकांत वडखळ हें नांव कधीं 'व्ही'खालीं तर कधीं 'डब्ल्यू'खालीं सांपडतें, हेंहि नवशिक्यांनीं ध्यानांत ठेवावें.

शिरगणतीच्या तक्त्यांची आणखी एक उणीव येथें सांगितली पाहिजे. १८८१ च्या वेळीं गणकांस अशी सूचना होती कीं, घरधनी बायकांचीं नांवें सांगण्यास नाखूष असेल तर नांवाच्या जागीं नुसतें 'स्त्री' असें लिहावें. वयें तर लोक अदमासानें सांगत. म्हणून तीस, चाळीस, पन्नास ह्या वयांचे लोक कोष्टकांत अवास्तव फुगलेले दिसतात. म्हणजे ते तक्ते आज हातीं आले असते तरी घराण्याची अर्धी शाखा त्यांत निनांवी राहिली असती. सरकारी गणकास निदान संकोचाचें निमित्त होतें. प्रस्तुत टिपणाच्या चाळीस पानांत एकाहि स्त्रीचें नांव नाहीं, त्यास निमित्त कोणतें ? बांधावर चिखलाच्या पाट्या वाहणाऱ्यांत बायका नव्हत्या असें खारेपाटांत वाढलेला मनुष्य म्हणणार नाहीं.

४. खार कोणी बांधली ?

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. वडखळ, धरमतर, अंबेचा कांठ हा सगळा मुलूख भरतीच्या पाण्याशीं झगडून मिळविलेला आहे. मातीचा बांध, त्यास दगडांची अस्तरी, ओहोटीला पावसाचें पाणी बाहेर सोडणारी व भरतीला मिटणारी उघाडी, आणि कित्येक पावसाळे जमीन धुऊन निघाल्यावर येणारें तांबडें भात : हा खारबंदिस्तीचा क्रम. बांधाला एक खांड पडली कीं दहा वर्षांची मेहनत एका उधाणांत जाते. असल्या जमिनीच्या लागवडीस सरकार कौल देई. पहिलीं कांहीं वर्षें माफी, पुढें थोडा थोडा वाढत जाणारा सारा. ह्यालाच इस्तावा म्हणत. भांडवल घालून कौल घेणारा तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल सरकारसाऱ्याखेरीज कसणाऱ्यांकडून भाताचें उत्पन्न घेण्याचा हक्कहि त्याचा. हा हक्क १९५५ च्या खास कुलाबा जिल्ह्यापुरत्या कायद्यानें नष्ट झाला.

येथें मराठी भाषेनें आपल्यापुढें एक विलक्षण शब्द ठेवला आहे. संस्कृत 'कुल' म्हणजे वंश. मराठी 'कूळ' म्हणजे वंशहि आणि दुसऱ्याची जमीन कसणारा रयतहि. टिपणकार 'कुळाचा इतिहास' लिहितात तेव्हां पहिला अर्थ घेतात. खारेपाटाच्या कागदांत मात्र 'कुळें' येतात तीं दुसऱ्या अर्थानें, आणि बहुधा बेरजेनें. कौलावर नांव येतें एकाचें. कुदळ, घमेलें आणि पाटी चालविणाऱ्या पन्नासांचें येत नाहीं. 'आद्य वसाहतकार' कोण हें केवळ कौलावरून ठरविणें म्हणजे ज्याच्याजवळ कागद होता तो आद्य, असें म्हणणें होय.

हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यांतील चरी येथें २७ ऑक्टोबर १९३३ पासून कुळांनीं नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखालीं जमिनी कसण्याचें थांबविलें, तें १९३९ पर्यंत. त्या वादाचें मूळ हेंच : जमीन कोणाची, कागद असणाऱ्याची कीं बांध राखून नांगर धरणाऱ्याची ? पुढें १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनीं कसणारा मालक मानला गेला. ज्या कुटुंबांचीं नांवें त्या दिवसानंतर मालक म्हणून सातबाऱ्यावर आलीं, तीं त्या दिवशीं गांवांत आलीं असें कोणी म्हणेल काय ? तसेंच कौलावर ज्याचें नांव त्याच्याबरोबर गांव जन्मास आलें असेंहि म्हणतां येत नाहीं.

५. कौलाची एक ओळ

टिपणांतील तिसरा आधार खरोखर मोलाचा आहे. कौल आम्हीं स्वतः पाहिला. कागद, अक्षराचें वळण, शिक्के, मजकुराची घडण ह्यांवरून तो अस्सल असल्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. घरानें इतकीं वर्षें तो दमट हवेंत, वाळवीपासून जपून ठेवला, ह्याबद्दल त्या घराचें ऋण मान्य केलें पाहिजे. परंतु टिपणांत छापलेली बाळबोध नक्कल मुळाशीं ताडतां दोन गोष्टी आढळल्या.

पहिली कालाची. सुहूर सन आणि फसली सन ह्यांची गल्लत झाली आहे. समजा, कागदावर 'अर्बा सबैन मया व अलफ' असें साल आहे, म्हणजे ११७४. हा आंकडा सुहूर सनाचा मानला तर इ. स. १७७३–७४ येतें, दक्षिणी फसलीचा मानला तर १७६४–६५. आंकडा तोच, फरक नऊ वर्षांचा. मराठेशाहींतील अरबी अंकशब्दांनीं लिहिलेलें साल सामान्यतः सुहूर समजावें, वर्षाचा आरंभ मृगापासून धरावा, आणि तिथि किंवा चंद्र दिला असल्यास जंत्रीवरून मेळ घालावा. टिपणकारांनीं फसली धरून आपल्या पूर्वजांस नऊ वर्षें अधिक प्राचीनत्व दिलें. हा दोष अज्ञानाचा आहे, म्हणून क्षम्य आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मुळांत कौलाचें कारण सांगणारें एक वाक्य आहे. पूर्वींची खार उधाणानें फुटून पडीक झाली आहे, ती नव्यानें बांधून लागवडीस आणावी, असा त्याचा आशय. बाळबोध नकलेंत ही ओळ नाहीं. तीन टिंबें आहेत. ओळ स्पष्ट आहे, डाग नाहीं, कीड नाहीं. गृहस्थांस विचारलें तेव्हां ते म्हणाले, "सर, ती ओळ मुद्द्याची वाटली नाहीं."

आमच्या मतें संबंध कागदांत मुद्द्याची ओळ ती एकच. कौल देणाऱ्या सरकारासच ठाऊक होतें कीं येथें अगोदर खार होती, म्हणजे बांध होता, म्हणजे बांधणारे होते. ज्या कागदाच्या आधारें 'आद्य' हें विशेषण लावावयाचें, तोच कागद तें विशेषण नाकारतो. त्या पूर्वींच्या बांधणाऱ्यांचें नांव कौलांत नाहीं. पण त्यांचें अस्तित्व आहे. उधाणानें मोडलेला बांध त्यांनीं टाकला कीं त्यांचेच वंशज पुढें ह्या कौलदाराचीं कुळें झालीं, हें ह्या कागदावरून सांगतां येत नाहीं. परंतु ज्यांचीं माणसें आजहि त्याच गांवांत राहत असतील त्यांच्या पूर्वजांवर तीन टिंबें घालण्याचा अधिकार नकलकारास नाहीं.

६. नांवांवरून गांव, आणि आमची एक कबुली

कोंकणांत आडनांवांवरून मूळ शोधण्याची रूढि आहे. येथें कुलाब्याच्याच बेने इस्राएल समाजाचें उदाहरण बोधप्रद आहे. नवगांवजवळ तारू फुटून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालों, अशी त्यांची परंपरा. त्यांचीं आडनांवें मात्र पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगांवकर अशीं तेलाच्या घाण्यांसाठीं व शेतीसाठीं पसरलेल्या गांवांचीं. हैम सॅम्युएल किहीमकर ह्यांनीं १८९७ च्या सुमारास लिहिलेला व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापलेला समाजेतिहास प्रसिद्ध आहे. पेणकर हें आडनांव त्या कुटुंबाचें मूळ पेण असें सांगत नाहीं. आडनांव पडलें त्या वेळीं, किंवा दुसऱ्या गांवीं गेल्यावर तेथील लोकांच्या दृष्टीनें, तें पेणचें होतें, एवढेंच सांगतें. स्वतःच्या गांवांत राहणाऱ्यास कोणी त्या गांवाचा 'कर' म्हणत नाहीं. राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींतहि बिंबाबरोबर आलेल्या कुळांची याद आहे. तिचा उपयोग करतांना कोणत्या भागाची रचना कोणत्या काळीं झाली हें प्रथम पाहावें लागतें. मूळपुरुषांची याद बहुधा वंशजांच्या गरजेपोटीं तयार होते.

आतां चौथा आधार : "एका जुन्या शिक्षकांचें मत". तें मत असें कीं, वडखळ हें नांव 'वट' आणि 'खल' म्हणजे खळें ह्या दोन संस्कृत शब्दांपासून झालें. वडाखालीं पहिलें खळें ज्यानें घातलें तोच गांवाचा मूळपुरुष. आणि तें खळें ह्या घराण्याचें.

हे जुने शिक्षक म्हणजे आम्हीच. तीसएक वर्षांपूर्वीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत केलेल्या भाषणांत आम्हीं ही व्युत्पत्ति सांगितली. आधार ? संस्कृत व्याकरणाचा अभ्यास आणि तरुणपणचा उत्साह. खळ्याच्या मालकीची गोष्ट त्याच घराण्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं त्या दिवशीं चहाच्या वेळीं आम्हांस सांगितली होती. ती आम्हीं भाषणांत घातली. आज तेंच घराणें तीच गोष्ट आमच्या नांवावर पुरावा म्हणून पुढें करीत आहे. एका तोंडून निघालेली गोष्ट तीस वर्षें फिरून त्याच घरीं आली आणि वाटेंत साक्षीदार झाली. ज्या मल्लिनाथाची, आधाराविना कांहीं न लिहिण्याची प्रतिज्ञा आम्ही वर्गांत दरवर्षीं शिकवीत असूं, त्याच्यापुढें आमची मान खालीं आहे. व्युत्पत्ति ध्वनिदृष्ट्या शक्य आहे, सिद्ध नाहीं. तिच्यावरून काढलेला मूळपुरुष तर शक्य कोटींतहि बसत नाहीं. तें मत आम्ही येथें जाहीरपणें मागें घेतों. हें लिहिण्याचें जें दुसरें कारण आरंभीं सांगितलें होतें तें हेंच.

७. दुसरीकडील स्थिति आणि आजची निकड

टिपणकारांचा घोटाळा होण्यास परदेशांतील उदाहरणेंहि कारण झालीं असावीं. इंग्लंडांत १८४१ पासूनचे व्यक्तींच्या नांवांचे तक्ते बव्हंशीं राखले असून शंभर वर्षांनंतर ते खुले होतात. १९२१ चे २०२२ सालीं खुले झाले. अमेरिकेंत ही मुदत बहात्तर वर्षांची. तेथेंहि अडचणी आहेतच : अमेरिकेचे १८९० चे बहुतेक तक्ते १९२१ च्या आगीनें नष्ट झाले, इंग्लंडचे १९३१ चे १९४२ सालीं जळाले, आणि आयर्लंडचे १८२१ ते १८५१ चे बहुतेक १९२२ सालीं डब्लिनांत भस्म झाले. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांस मात्र तेथील नोंदवह्यांत पूर्वजाचें नांव, बापाचें नांव, जिल्हा व गांव मिळूं शकतें. मजुरास करारानें बांधून नेणाऱ्या सरकारला त्याची ओळख ठेवणें भाग होतें; ज्यांस बांधून नेलें नाहीं त्यांचीं नांवें कोणी राखलीं नाहींत, हा इतिहासाचा विपर्यास आहे.

आज महाराष्ट्रांत वंशावळ ही हौसेची बाब राहिलेली नाहीं. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली, तेव्हांपासून तहसिलांतील जन्ममृत्यूचे नमुना १४ चे कागद, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, पाहणीपत्रकें, कूळ नोंदवह्या, १९५१ चें नागरिकांचें राष्ट्रीय रजिस्टर हीं सर्व उलगडूं लागलीं, आणि मोडी वाचणारास मागणी आली. आसामांत त्याच १९५१ च्या रजिस्टराच्या आधारें लोकांचें नागरिकत्व तपासलें गेलें, व ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादींतून सुमारें १९ लक्ष लोक वगळले गेले. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी पुढील शिरगणतींत होईल असें केंद्र सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. कोणाचा हक्क कोणता, ह्या वादांत पडणें आमचें काम नव्हे. परंतु एका ओळीवर मुलांचें शिक्षण व नोकरी अवलंबून असतां ती ओळ गाळणें, घालणें किंवा ओढून वाचणें ही केवळ विद्वत्तेची चूक राहत नाहीं.

८. उपसंहार

संग्राहकांस आमच्या विनंत्या थोड्या आहेत. खापरपणज्याचें नांव छापील शिरगणतींत शोधण्यांत काळ घालवूं नये. तें मिळालें तर पेशवाईंतील खानेसुमारींत, गांवच्या वसूलबाडांत, नमुना १४ मध्यें, शाळेच्या नोंदवहींत, किंवा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत मिळेल. छापील कोष्टकांचा उपयोग परिसर समजण्यासाठीं करावा. शिलोत्रीच्या पावत्या, बांधदुरुस्तीचे हिशेब, मजुरांच्या हजेऱ्या हे 'क्षुल्लक' कागद फेंकूं नयेत. कौलावर ज्यांचीं नांवें नाहींत तीं तेथेंच असतात. मोडीची नक्कल ओळीस ओळ करावी. जें वाचतां आलें नाहीं तेथें तसें लिहावें, आणि जें नकोसें वाटलें तेंहि लिहावें.

पाटीविषयीं. आमची संमति आम्ही देत नाहीं. देवळांत कांहीं कोरावयाचेंच असेल तर एवढें कोरावें कीं, ही खार अनेक वेळां फुटली, अनेकांनीं बांधली, आणि त्यांपैकीं एका कौलदाराचें नांव कागदावर उरलें. घराण्याचा मान ह्यानें उणा होत नाहीं. फुटलेली खार पुन्हां बांधणें हें पहिली बांधण्याहून हलकें काम नव्हे.

हें परीक्षण छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं गृहस्थांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ गप्प होते. आठ दिवसांनीं त्यांनीं मूळ कौल व त्याची नवी नक्कल मंडळाच्या संग्रहासाठीं आमच्या स्वाधीन केली. नकलेंत तीन टिंबांच्या जागीं ती ओळ सबंध लिहिलेली आहे, आणि खालीं, 'पूर्वींच्या नकलेंत ही ओळ माझ्याकडून गाळली गेली', अशी स्वदस्तुराची टीप आहे. आमची दुरुस्ती छापील कागदापुरती; त्यांनीं ती आपल्या घराण्याच्या अभिमानावर केली. गुरूपेक्षां शिष्याचें काम अवघड होतें, हें नमूद करून हें परीक्षण संपवितों.